ताक सांगेल

ठाण्यात आमच्या कोपरीत रोज सकाळी एक गृहस्थ बाबागाडी ढकलत निघायचे. गाडीत बाळ नाही. ताकाने काठोकाठ भरलेलं पातेलं. मागून दोन कुत्री, सांडलेलं चाटायला. हे आमचे शेजारी, सामंतभावजी.

तुम्ही म्हणाल, ताकच कशाला? मीही विचारलं होतं. तर म्हणाले, "वहिनी, पाणी वाळून जातं, ताकाचा डाग राहतो. धक्का कुठे बसला ते मी कशाला सांगू? ताक सांगेल."

त्याचं असं झालं. त्यांची बायको शालूताई न्हाणीघरात घसरून पडली आणि कंबर धरून बसली. दवाखान्यातून रिक्षाने येताना प्रत्येक खड्ड्याला जीव कळवळला बिचारीचा. घरी आल्यावर म्हणाली, आता मी बाहेर म्हणून पडायची नाही. एकही धक्का बसत नाही असा रस्ता ठाण्यात दाखवा, मग येते. आता ही बाई वैतागून बोलली हो. दुसरा नवरा असता तर हूं म्हणून पेपर उघडला असता. ह्यांनी शब्द खरा धरला. वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं, त्यामुळे वेळच वेळ. माळ्यावरून नातवाची गाडी काढली आणि निघाले रस्ते तपासायला.

सगळं ठाणं नापास. स्टेशन रोड नापास, तलावाचा काठ नापास, कोर्टनाक्याला तर अर्धं पातेलं रिकामं. वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी गॅलरीतून विचारायचे, "काय सामंत, लोणी आलं का वर?" भावजी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, स्टेशन रोडला आलं थोडं.

आणि एका रविवारी माझ्या दारात उभे. धापा टाकतायत, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात शालूताईची. "वहिनी, चला. अहो, लाइन!"

मी पोळ्या तशाच टाकल्या, गॅस बंद केला आणि गेले मागोमाग. आमच्या वस्तीमागून मिठागराकडे मालगाडीची जुनी लाइन जायची. मिठाचे डबे जाणं बंद झालं, कधीतरी रूळही उपसून नेले. मग कुणाच्या तरी मनात आलं म्हणून तिथे मुरूम टाकला, चार बाकं बसवली, झाला लोकांना फिरायचा रस्ता. मी वीस वर्षं इथे राहतेय, पण त्या बाजूला कधी फिरकले नव्हते. बाई माणूस हातात पिशवी नसताना कुठे निघते हो?

काय सांगू, मला तर लहान मुलीसारखं झालं. दोन्हीकडे बाभळी, सिग्नलच्या खांबावर कावळ्याचं घरटं, नाल्याच्या छोट्या पुलाखाली खेकड्यांची धावपळ. आणि झाडी संपली की एकदम उघडं आभाळ, खाडीचा वारा, मिठाचे पांढरे ढीग. भावजी सारखे मागे वळून सांगत होते, आगगाडीला चढ चालत नाही ना वहिनी, म्हणून बघा कसं आखलंय, ताटासारखं. टोकापर्यंत गेलो, परत आलो. ताकाचा एक थेंब सांडला नाही. कुत्री कंटाळून अर्ध्यातूनच घरी गेली.

पुढच्या रविवारी चाकांची खुर्ची उसनी आणली. माझ्या दोघा मुलांनी शालूताईला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. ढकलायला मी, कारण भावजी पुढे पळून खडे वेचत होते. शालूताई नवीन पातळ नेसलेली. खेकडे दिसले तशी टाळ्या वाजवायला लागली.

टोकाला पोचलो तेव्हा भावजी तिला दाखवायला मिठाचे खडे आणायला खाली उतरले. ते लांब गेलेले बघून शालूताई हळूच म्हणाली, "वहिनी, मी महिन्यापूर्वीच आले असते हो बाहेर. कंबर बरी आहे आता."

"अगं मग?"

"कंपनी बंद झाली तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. रस्ता शोधायला लागले तेव्हा कुठे अंथरूण सुटलं. आता रस्ता सापडला. उद्यापासून काय करतील?"

तेवढ्यात भावजी आले, ओंजळीत मीठ, कपाळावर घाम. "काय, कसा आहे रस्ता?"

शालूताईने कमरेवर हात ठेवला. "छान आहे हो. पण त्या पुलावर जरा धक्का बसला मला."

खुर्ची मी ढकलत होते. पुलावर काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. पण भावजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ओंजळीतलं मीठ तिच्या पदरात ओतलं आणि लगेच सुरू, कुठे बसला, चढताना की उतरताना, मुरूम थोडा बारीक हवा होता का.

मी म्हटलं, "भावजी, पुलाच्या पलीकडेही बसला थोडा."