साळूबाईंना खरा वाचक मिळतो

एका जंगलात शाळा होती. आता जंगलात शाळा कशाला, असं ज्याला विचारायचंय त्यानं उठून बाहेर जावं, म्हणजे बाकीच्यांना गोष्ट ऐकता येईल.

तर शाळा होती, तेवीस पोरं होती आणि एकच बाई होत्या. साळूबाई. जातीनं साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे त्यांना छडी कधी लागली नाही. पण बाई मायाळू हो. आपले गळालेले काटे त्या पोरांना लेखणी म्हणून फुकट वाटायच्या.

बाईंना दुःख एकच होतं. अकरा वर्षं त्या पोरांना सांगत होत्या, "बाळांनो, निबंध आपल्या मनानं लिहा." आणि अकरा वर्षं पोरं कोल्ह्याच्या दुकानातलं गाईड उघडून लिहीत होती, "माझे घर लहान पण टुमदार आहे. छपरावर लाल कौले आहेत. अंगणात तुळशीवृंदावन आहे."

घुबडाचं पोर ढोलीत राहायचं, तेही हेच लिहायचं. बेडकाचं पोर डबक्यात राहायचं. डबक्यावरही लाल कौलं!

बाई लाल शाईनं रेघा मारून मारून थकल्या. पण पोरांचं तरी काय चुकलं? लिहायचं, बाईंनी रेघ मारायची, वही गठ्ठ्यात जायची. वाचतंय कोण? आपण उगाच मनातलं काढून कागदावर ठेवा, ते कशाला?

मग एक दिवस टेकडीवरून परिपत्रक आलं. टेकडीवर हत्तीसाहेब शिक्षण खातं सांभाळत. म्हणजे झोपत, आणि मधेच जाग आली की परिपत्रक काढत. त्यात लिहिलं होतं, "यापुढे विद्यार्थ्यांनी खऱ्या वाचकासाठी लिहावे. शनिवारपर्यंत खऱ्या वाचकाच्या पंजाचा ठसा न आल्यास शाळा बंद करण्यात येईल."

साळूबाईंना इतका आनंद झाला की शेवटचं वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

निबंधांचा गठ्ठा काखेत मारून बाई वाचक शोधायला निघाल्या. अस्वलीण म्हणाली, "मधाचे दिवस आहेत, बाई. मला मरायला फुरसत नाही." म्हैस म्हणाली, "ठेवून जा." बाई वळल्या तोवर तिनं तीन निबंध खाल्लेसुद्धा, आणि सकस आहेत म्हणाली. माकड म्हणालं, "ठसा हवा तेवढा घ्या. वाचायला तेवढं लावू नका."

"न वाचता ठसा नको," बाई म्हणाल्या. तत्त्वाच्या बाई! अशा माणसांचं पुढं काय होतं ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

शेवटी त्या बिबटेआबांकडे गेल्या. आबा म्हातारे बिबटे. गुडघे गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिकार आपणच सोडली असं ते सांगत, आणि अलीकडे ते समाजकार्य करत. बाईंशी त्यांचं वागणं कायम सभ्य होतं, कारण साळिंदराच्या वाटेला एकदा गेलेला बिबट्या दुसऱ्यांदा जात नाही.

"या बाई," आबा म्हणाले. "मुलांवर माझा फार जीव. मला अक्षर दिसत नाही, तुम्हीच वाचून दाखवा."

बाईंनी वाचलं. उरलेले वीसच्या वीस निबंध. आबा एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होते. बाई धन्य झाल्या.

दोन दिवसांनी आबा स्वतः शाळेच्या कुंपणाशी आले. पाय सुजलेले, अंगाला कुसळं.

"बाई, ते लाल कौलांचं घर नेमकं आहे कुठं? सगळं जंगल पालथं घातलं. तुळशीवृंदावन एक दिसेल तर शपथ."

"ते घर कुठंच नाही हो, आबा," बाई कळवळून म्हणाल्या. "हेच तर माझं दुःख आहे."

"मग पोरांना सांगा की, खरं लिहा म्हणावं. आपलं स्वतःचं घर. वाट कुठून, दार कुठल्या अंगाला, घरात कोण कधी असतं. बारीकसारीक सगळं आलं पाहिजे. त्याशिवाय वाचकाच्या काही हाती लागत नाही."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अकरा वर्षं घसा फोडून त्या हेच सांगत होत्या, आणि आज कुणीतरी ते आपणहून म्हणत होतं. गुरू भेटल्यासारखं झालं त्यांना.

बाईंनी वर्गात येऊन सांगितलं, "बाळांनो, आबा तुमच्या निबंधाची वाट बघतायत. खरंच बघतायत."

बावीस पोरांनी मुकाट्यानं गाईड उघडलं. एक पोरगी तेवढी उभी राहिली. सशाची भुरी. भुरीनं जन्मात चार ओळींच्या वर लिहिलं नव्हतं.

"बाई, आबा खरंच ऐकणार? सगळं?"

"सगळं ऐकणार. वर प्रश्नही विचारतात."

भुरी बसली. जीभ बाहेर काढून, कान मागे टाकून तिनं दोन पानं भरली. मधली सुट्टी झाली तरी उठली नाही. बाईंनी ती पानं वाचली आणि तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई ती पानं आणि परिपत्रक घेऊन धावतच आबांकडे गेल्या आणि वाचू लागल्या.

"आमचं घर करवंदीच्या जाळीखाली आहे. नाल्याकडून आलं की तिसरी जाळी."

"तिसरी," आबांनी नखांवर मोजलं.

"आत वाकून जावं लागतं. आई वाकत नाही, म्हणून तिच्या कानांना माती लागते. सकाळी आईबाबा गवताला जातात. तेव्हा घरात मी आणि धाकटा असतो. धाकट्याला अजून पळता येत नाही, तो उडी मारतो आणि आपटतो. आम्ही दोघंच असताना मला भीती वाटते. पण मी ते त्याला सांगत नाही."

बाईंचा गळा दाटून आला. आबांनाही काहीतरी दाटून आलं होतं.

"वा," आबा म्हणाले. "काय लिहिलंय! सकाळी म्हणजे किती वाजेपर्यंत? मागच्या बाजूला दुसरं दार आहे का? आणि बाई, लेखिका अंगानं कशी आहे? भरलेली आहे ना?"

बाईंनी कागदावरून मान वर केली. आबांच्या तोंडातून लाळ गळत होती, ती थेट हत्तीसाहेबांच्या सहीवर.

बाईंच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. अरे देवा. ही वाट आपणच दाखवली, मोठ्यानं, शुद्ध उच्चारात! काटे खुपसून आज म्हातारा पळेलही. पण तिसरी जाळी तो विसरणार आहे का? रोज सकाळी तिथं कोण राखण बसणार?

"थांबलात का, बाई? वाचा," आबा म्हणाले.

बाईंनी कागद नीट धरला आणि वाचू लागल्या. "इतक्यात आईने मला हाक मारली आणि मी खडबडून जागी झाले. ते सारे स्वप्न होते. माझे खरे घर लहान पण टुमदार आहे."

आबांचा जबडा मिटला. "काय?"

"छपरावर लाल कौले आहेत," बाई म्हणाल्या. "अंगणात तुळशीवृंदावन आहे."

"आणि ती करवंदीची जाळी?"

"ती कल्पना हो, आबा. लेकराची कल्पनाशक्ती." आणि बाई सुटल्या. दारातली रांगोळी आली, परसातला आंबा आला, शेजाऱ्यांचा स्वभाव आला. अकरा वर्षं जे खोडलं ते सगळं बाईंना तोंडपाठ होतं, स्वल्पविरामासकट.

"पुरे," आबा कण्हले.

"अजून उपसंहार आहे."

"ठसा कुठं करू ते सांगा."

ठसा उमटला. शाळा वाचली. हत्तीसाहेबांनी जागं होऊन "उपक्रम स्तुत्य" असा शेरा मारला आणि पुन्हा डोळे मिटले. आबांनी वाचन कायमचं सोडलं.

बाई परत आल्या तर भुरी शाळेच्या दारातच उभी.

"बाई, आबांना आवडलं?"

असं कुणी कधी लिहिलं नव्हतं ग, असं बाईंना सांगायचं होतं. तिला जवळ घ्यायचं होतं, पण काट्यांमुळे तेही जमत नव्हतं.

"बरं आहे म्हणाले," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी गाईड बघून लिही हं, बाळ."

भुरीचे कान हळूच खाली आले. ती शहाणी पोर. पुढच्या सोमवारी तिनं वही आणून दाखवली. माझे घर लहान पण टुमदार आहे.

बाईंनी तिला दहापैकी दहा दिले. शाळेत आजवर एवढे मार्क कुणाला पडले नव्हते. भुरीनं मार्क बघितले, वही मिटली आणि गुपचूप जागेवर जाऊन बसली.

तात्पर्य: मुलांनो, निबंध आपल्या मनानं, खराखुरा आणि मन लावून कधीही लिहू नये. न जाणो, एखादा खरंच वाचायचा.