उदेलालभाऊंचं लिव्हर

मुलीकडच्यांनी पुढे केलेला चहा उदेलालभाऊंनी हाताने मागे सारला, तेव्हाच रामबाईनं नवऱ्याला चिमटा काढायला हवा होता. पण दोघांच्या मधे टिकेश बसला होता, नवरदेव मुलगा, आणि त्याच्या मांडीवरून चिमटा पोचणं कठीण होतं. मुलीचे वडील, टेकचंद पटले, परत गेलेल्या कपाकडे बघत राहिले. उदेलालभाऊंनी फक्त गरम पाणी मागितलं, खिशातून दोरा लावलेली एक पुडी काढली आणि सगळ्यांदेखत त्या पाण्यात बुडवली.

ही पुडी कुठून आली ते सांगायलाच हवं. दिवाळीनंतर भाऊंचं पोट दुखलं, गोंदियाला सोनोग्राफी झाली आणि लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, साखर सोडा, रोज चाला; आणि जाता जाता म्हणाले, बिनसाखरेची कॉफी किंवा ग्रीन टी घेतलीत तर बरंच आहे. आता धानाच्या मुलखातल्या माणसाला भात कमी करायला सांगून कुणाचं भलं झालंय? भाऊंनी तेवढं शेवटचं वाक्य उचललं. सकाळी काळी कॉफी, दुपारी ग्रीन टी आणि दोन्हींच्या मधे भाताचं ताट, भरलेलं. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला लिव्हरवर उपदेश. त्यांच्या गावातले, कुडव्यातले लोक त्यांच्या दारावरून गाडी जरा जोरातच न्यायला लागले होते.

खरं म्हणजे आजचं पाहणं नावालाच होतं. टिकेशनं आणि ओमेश्वरीनं एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, थोरांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. ओमेश्वरीनं टिकेशला एकच ताकीद दिली होती, की माझ्या आईसमोर दारूचं नावसुद्धा निघता कामा नये. तिची आई रुख्माबाई गावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. बोदलकसा तलावाच्या अंगाला मोहाच्या जेवढ्या भट्ट्या होत्या, तेवढ्या तिनं बायका घेऊन फोडल्या होत्या. सख्खा दीर चंद्रकुमार, त्यालासुद्धा तिनं चावडीवर उभं करून शपथ घ्यायला लावली होती. पण भाऊंच्या सात पिढ्यांत कोणी थेंबाला शिवलं नव्हतं, तेव्हा टिकेश निर्धास्त होता.

"हे काय होय जी?" चंद्रकुमारनं पुडीकडे बोट दाखवून विचारलं.

कुडव्यात हे कोणी आपणहून विचारत नसे. भाऊ एकदम खुलले.

"लिव्हरसाठी," ते म्हणाले. "माहं लिव्हर खराब आहे ना."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या गावात लिव्हर एकाच गोष्टीनं खराब होत असे. ज्यांचं झालं ते भट्टीवरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घाटावर गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात आलेली ओमेश्वरी तशीच आत वळली. टिकेशचा चेहरा पांढरा पडला.

भाऊंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं सांगितलं, की आपण आयुष्यात दारू चाखलेली नाही. चंद्रकुमार समजूतदारपणे मान हलवू लागला. पिणाऱ्याचं पहिलं वाक्य हेच असतं, त्याचंही हेच होतं. मग रामबाई मधे पडली आणि आमचे हे तसे नाहीत म्हणाली, तर पिणाऱ्याच्या बायकोचं पहिलं वाक्य तेच निघालं. भाऊ आवाज चढवून बोलू लागले, तेव्हा टेकचंदांनी हळूच खुर्ची मागे घेतली. डॉक्टरला फोन लावतो म्हणून भाऊंनी मोबाइल काढला, तर रागानं बोटं थरथरत होती, नंबर लागेना. ती थरथरणारी बोटं सगळ्यांनी पाहिली.

"इचार करून सांगतो," टेकचंद म्हणाले. याचा अर्थ काय तो लग्नाच्या बाजारात शेंबड्या पोरालाही कळतो. टिकेशनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

इतका वेळ एक अक्षर न बोललेली रुख्माबाई तेव्हा उठली. पदर खोचला आणि भाऊंना म्हणाली, "तुमी जरा मांगं चला."

चंद्रकुमारनं डोळे मिटले. मागच्या अंगणात नेऊन वहिनी काय करते ते त्याला ठाऊक होतं. रामबाई मधे आली, पण रुख्माबाईनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती जागीच बसली.

धानाच्या तणसाच्या ढिगाआड पोचल्यावर भाऊंनी दोन्ही हात तोंडापुढे धरले. पण मार काही बसेना. हात खाली घेऊन पाहिलं तर रुख्माबाईच्या डोळ्यांत पाणी.

"माह्याबी लिव्हरवर चरबी निंगाली जी," ती म्हणाली. "घरी कोनाले सांगतलं नाई. दारूबंदीची अध्यक्ष, अन् लिव्हर खराब. लोक काय म्हनतीन? मरन का हो मी?"

बचत गटाच्या कामाचं निमित्त करून ती एकटीच गोंदियाला जाऊन आली होती आणि तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. भाऊंना तिची दया आली. त्यांनी तिला समजावलं, की हे न पिणाऱ्यालाही होतं, लवकर सांभाळलं तर कमीही होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भात कमी करा, साखर सोडा, चाला, हे आधी सांगितलं आणि ग्रीन टी मागाहून. खिशातल्या होत्या नव्हत्या त्या पुड्याही देऊन टाकल्या. तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

"मंग बाई, आत चलून तेवढं सांगा ना, बिनदारूचंबी होते म्हनून."

"तुले कसं ठाऊक, इचारतीन. काय सांगू?" तिनं क्षणभर विचार केला. "तुमी पेत होते."

"मी?"

"पेत होते. आता माह्यापुढं शपत घेऊन सोडली. सोडनाऱ्याले पोरगी देता येते जी. कदीच नाई पेलो म्हननाऱ्यावर कोनी इस्वास ठेवत नाई."

भाऊ नाही म्हणणार होते. पण दारातून आत टिकेशची खाली घातलेली मान दिसत होती. खरं काय ते कोणालाच सांगणार नाही, असा त्यांनी तिला शब्द दिला.

थोड्या वेळानं सात पिढ्यांच्या निर्व्यसनी घराण्यातले उदेलालभाऊ हातात तुळशीचं पान घेऊन बैठकीत उभे राहिले आणि आजपासून दारू सोडली असं म्हणाले. चंद्रकुमारनं त्यांना मिठीच मारली. पहिला महिना बहुत कठीण जातो, रात्री-बेरात्री केव्हाही फोन करजा, असं तो कानात म्हणाला. रुख्माबाईनं मंडळाच्या पुढच्या सभेत सत्काराचं आमंत्रण दिलं, तेही सगळ्यांसमोर. टेकचंदांनी कुंकू लावलं आणि ओमेश्वरीनं वाकून नमस्कार केला. लग्न ठरलं.

परतीच्या वाटेवर टिकेश गाडी चालवत गाणं गुणगुणत होता. तिरोडा गाव मागे पडलं. मग रामबाईनं हलकेच विचारलं, "टिकेशचे बाबा, खरं सांगा. कदी पेत होते?"

भाऊंनी रुख्माबाईला शब्द दिलेला होता. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. रामबाईनं पदर डोळ्याला लावला.

"इतके वर्स झाले," ती म्हणाली, "मले वास कसा नाई आला?"