पापडांच्या उन्हाचे कैवारी

यंदाची आमदारकी खिशात आहे, असं पेणकरपाड्याच्या महिपतशेठनी चहा पिता पिता बायकोला, रंभाला, सांगून टाकलं. मुद्दाच तसा दमदार सापडला होता. विरोधातल्या चांदणीबाई प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवू म्हणत फिरत होत्या. महिपतशेठ जुन्या वळणाचे. वीज तारेतून यावी आणि नव्या खुळांपासून देवाने वाचवावं, इतकं साधं त्यांचं ऊर्जाधोरण होतं.

"गच्चीभर काचा घातल्या तर बायकांनी पापड कुठे वाळवायचे?" ते म्हणाले. "आपल्या आजोबांनी उन्हावर मिठागर चालवलं. ऊन काय असतं ते मला कोणी शिकवू नये."

"म्हणजे ते सोलरच की," रंभा म्हणाली.

"मिठाला वायर नसते," असं म्हणून शेठ प्रचाराला निघाले.

इंद्रलोक वस्तीतल्या एका सोसायटीच्या आवारात सभा रंगली. "नावाच्या चांदणी आणि डोळा तुमच्या उन्हावर," शेठ गरजले. "आज गच्ची नेतील, उद्या खिडकीतलं ऊन नेतील. माझा शब्द आहे, जो पापड गच्चीवर वाळतोय, तो वाळतच राहील."

सेक्रेटरी शैलाबेन खूश झाल्या. "भाई, पूरा बिल्डिंग आपके साथ है," म्हणाल्या. आसपासच्या चार बिल्डिंगा त्यांच्या शब्दावर मत देत. त्या गेल्या की आमदारकी गेली, हे शेठ पक्कं ओळखून होते.

संध्याकाळी उत्तनच्या कोळीवाड्यात सभा. तिथे पापडांना कोण विचारतो? शेठनी भाषणातले पापड काढले आणि बोंबील घातले, बाकी मजकूर तोच. त्या गडबडीत गच्ची तेवढी काढायची राहिली. "जो बोंबील गच्चीवर वाळतोय, तो वाळतच राहील," असं ते ठणकावून बोलले आणि टाळ्या घेऊन घरी आले.

पहिल्या रांगेत ज्युलियानाबाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा इव्हान नुकताच इंद्रलोकात फ्लॅट घेऊन राहायला गेला होता, नेमका शैलाबेनच्या बिल्डिंगमध्ये.

दोन दिवसांनी शैलाबेनचा फोन आला आणि शेठ, लिफ्ट बंद म्हणून, जिने चढून धापा टाकत गच्चीवर पोचले. दोरीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून लटकत होत्या. खाली साड्यांवर पापड पसरले होते. वारा बोंबलांकडून पापडांकडे वाहत होता.

"बाई, हे इथे कशाला?" शेठनी विचारलं.

"तुमीच सांगितला ना, गच्चीवर वालनार म्हनून," ज्युलियानाबाई म्हणाल्या. "आमी तुमच्या शब्दावर आनलेत. आता न्हाय काढनार."

"और हमको क्या बोला था?" शैलाबेननी विचारलं.

शेठनी हिशेब मांडला. पापडांची बाजू घ्यावी तर उत्तन जातं, बोंबलांची घ्यावी तर इंद्रलोक. त्यांनी मधला मार्ग काढला: सकाळी पापड, दुपारी बोंबील.

"दुपारी इथे ऊन हाय कुठं? त्या टॉवरची सावली पडते," ज्युलियानाबाई म्हणाल्या.

"मग असं करू," शेठ म्हणाले, "मतदान होईपर्यंत दोघींनीही काही वाळवू नका."

दोघी बायकांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्या एकमेकींकडे ज्या नजरेने बघत होत्या, तीच नजर आता शेठकडे वळली. शेठना मनापासून घरी जावंसं वाटलं.

"काहीच वाळवायचं नाही तर ऊन फुकट घालवायचं काय?" शैलाबेन म्हणाल्या. "त्यापेक्षा सोलर लगा देते हैं. लिफ्टचं बिल तरी कमी येईल."

"आमच्या इव्हानचा मेन्टेनन्स पन कमी होल?"

"होणारच."

"मग लावा. बोंबील मी उत्तनलाच वालवीन."

शेठनी तारेतल्या विजेचा विषय काढून पाहिला, पण दोघींचं बोलणं लिफ्टवर आणि लिफ्टवरून सुनांवर गेलं होतं.

निघताना शैलाबेन दारापर्यंत आल्या. "भाई, आपका बहुत उपकार. तुम्ही आला नसता तर आमचं जुळलंच नसतं," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "रविवारी चारही बिल्डिंगची मीटिंग ठेवते. चांदणीबेन समजवायला येतील. पण त्यांचा आवाज फार बारीक आहे. तुमचा माईक मिळेल?"

शेठनी माईक पाठवला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, निवडणुकीचे दिवस होते.