माईच्या जागी ताई

"माईचं आता काही खरं नाही," साहेबांचा आवाज आला आणि दाराकडे गेलेला माईंचा हात तिथेच थबकला.

"सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास घेते," आत हिशेबनीस सांगत होता. "मध्येच अडकते. काल बोल्ट मागितले, तर तिने वॉशर दाखवले."

"वय झालं तिचं. पुढच्या महिन्यापासून माई बंद. तिच्या जागी ताई."

माई आल्या पावली जिना उतरल्या. काढून टाकणार, ते एक वेळ ठीक; पण एकेरीवर आले, ते जास्त झोंबलं.

पंपांच्या त्या कारखान्यात सामानाचं कोठार त्या ऐन विशीपासून सांभाळत होत्या. तेव्हाच एका म्हाताऱ्या फिटरने त्यांच्या करड्या आवाजावरून त्यांना माई केलं. मग कोणाला काही सापडेना की एकच उत्तर, "माईंना विचारा." ते विचारणारे एकेक करून गेले, विचारणं मात्र राहिलं. घरी मुलगा-सून प्रेमाने वागत, पण तिथे कोणी काही विचारत नसे. "आई, तुम्ही बसा," एवढंच. म्हणून तर निवृत्तीनंतरही त्या मुदतवाढ मागून कामावर येत होत्या.

आणि ताई? माल पाठवणीला नवी लागलेली, सगळ्यांची ताई. इंच आणि सूत यांतला फरक तिला माईंनीच शिकवला होता.

"खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो. सांभाळून बस," माई तिला म्हणाल्या.

"कुठली खुर्ची, माई?"

"साळसूदपणा मला नको दाखवूस."

हाकलण्याआधी आपणच उठावं, म्हणून त्यांनी राजीनामा लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेब फोनवर होते. त्यांनी कागद न वाचताच हिशेबनिसाकडे सरकवला.

दोन दिवस माई त्या पोरीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच वर चौकशी करून हसत आली.

"माई, ती ताई म्हणजे मी नव्हे हो. कॉम्प्युटरमधला कोठाराचा नवा प्रोग्रॅम आहे. जुन्याचं नाव माई. मालकांना आद्याक्षरं जुळवायची हौस ना. हजेरीचा नाना, पगाराचा आबा."

खाली कोठारात सगळे त्याला नुसतं कॉम्प्युटर म्हणत. हे गोतावळ्याचं कौतुक फक्त वरच्या मजल्यावरचं.

"जितीजागती वडीलधारी जड होतात," माई म्हणाल्या, "आणि नावं बरी चालतात."

तरी पाय हलके झाले होते. त्या तशाच वर गेल्या आणि दाराबाहेर ऐकलेलं सगळं साहेबांना सांगितलं.

"माई, अहो तुम्हाला आम्ही एकेरी बोलू का?" साहेब खरंच दुखावले.

"तेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. द्या तो कागद परत."

साहेबांनी हिशेबनिसाकडे पाहिलं. हिशेबनिसाने छताकडे.

"चढवला," तो म्हणाला.

"कशावर?"

"माईवर. कोठारातलं सगळं तिच्यावरच चढतं. बोल्ट, कपाटं, माणसं. तुम्ही आता 'वापरातून बाद'मध्ये आहात."

"मग काढा मला तिथून."

"ती एकदा वजा केलेलं परत जमा करत नाही."

"नाहीतरी ती बंदच होतेय ना?"

आता साहेबही छताकडे पाहू लागले. "त्याचं असं आहे, जुनी माहिती ताईत भरायला कोठाराचं जाणकार माणूस लागतं. ते तुम्ही होतात. तुम्ही जाताय म्हटल्यावर मालकांनी माईलाच वर्षभराची मुदतवाढ दिली. एक पगारही वाचला, म्हणून सही लगेच झाली."

"आणि ती अडकते त्याचं काय?"

"सांभाळून घेऊ," साहेब म्हणाले. "जुनी आहे."

संध्याकाळी घरी फोन वाजला. माईंनी चष्मा लावून मेसेज वाचला. 'आपली नोंद वजा करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार. आपली, माई.'

"कोणाचा मेसेज, आई?" सुनेने विचारलं.

"माझाच."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, मग हलकेच त्यांच्या हातातला फोन काढून घेतला.

"आई," ती मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही बसा."

माई बसल्या.