मालूच्या डोळ्यांची मोहीम

शके एकोणीसशे चौदा, चैत्र मास, इसवी सन एकोणीसशे ब्याण्णव. ते साली पेण प्रांती, खाडीकाठच्या मिठागरांवर जे रण माजले आणि अखेरीस एक मातीची पोर डोळस जाहली, त्याचे वर्तमान ऐसे.

वज्रचुडेमंडित नूतनबाई, वस्ती रामवाडी, या मिठागरवाल्या बायांच्या साक्षरता वर्गाच्या मुखत्यार. दिवसभर मीठ ओढून दमलेल्या बाया फळ्यासमोर बसत आणि 'क'वरून 'ख'वर जाण्याआधीच पेंगत, मग येईनाशा जाहल्या. त्यांची सरनोबत धोंडुबाई, तीही आपल्या नावातल्या 'ध'ला हात लावून माघारी गेली. इतक्यात तालुक्याहून फर्मान आले की, चैत्रअखेर वर्ग ओस दिसल्यास फळा आणि कंदील जमा करून वर्ग बरखास्त करावा. बाईंस अन्न गोड लागेना.

मग मसलत ठरली. बायांस टीव्हीचा भारी षोक, तेव्हा अक्षरे गिरवणाऱ्या बाहुलीची हलती फीत करावी. पेणचे मूर्तिकार काळुराम यांनी शाडूची 'मालू' घडवली, डोईवर मिठाची टोपली दिली. रोह्याहून लग्नांचे व्हिडिओवाले हिरामण कॅमेऱ्याच्या सरंजामासह रेल्वेने दाखल जाहले. काळुरामांच्या कारखान्यात छावणी पडली. मालूचा हात तसूभर हलवावा, कॅमेरा क्षणमात्र चालवावा, थांबवावा आणि पुन्हा हलवावा. शाडू सुकू लागे, मग ओले फडके गुंडाळावे. हिरामणांनी सवयीने मालूवर गुलाबपाकळ्यांची बरसात योजली, तीस बाईंनी सक्त मनाई केली.

फीत सिद्ध जाहली आणि कुल फौज टीव्हीसह मिठागरी कूच करती जाहली. देवळाच्या अंगणात बाया दाटल्या. पडद्यावर मालू चालली, टोपली कलंडली, मिठाचे खडे सरपटत जाऊन त्यांचा 'मा' जाहला. बाईंचा ऊर भरून आला. तोच धोंडुबाईची तोफ धडाडली.

"अगो बायांनो, हिला डोलं कुठं हाईत? आंधली पोर मिठागरात कोनी धाडली?"

हास्याचा ऐसा कल्लोळ उठला की पुढला 'लू' कोणी पाहिला नाही. बाईंनी निरखले, तो खरेच डोळे नाहीत! कारखान्यात चहूकडे शेकडो गणपती आखणीविना, म्हणजे डोळे रंगवल्याविना, बसलेले; त्यांच्या मेळ्यात मालूचे उणे कोणाच्या ध्यानी यावे? हिरामणांचा तर एक डोळा मिटलेला आणि दुसरा कॅमेऱ्यात.

काळुराम उठोन वदले, "डोळं शेवटी. आमच्या घरची रीत हाय ती."

"मंग शेवट कदी? आमी सरनावर गेल्यावर?"

पुन्हा हशा. मोहीम बुडाली ऐसे बाईंस वाटले. मात्र पाहतात तो बाया हसत होत्या, पण उठत नव्हत्या. मान वाकडी करकरून मालूचे तोंड न्याहाळत होत्या. मग बाईंनी जागीच हुकूम फर्मावला की, ज्या दिवशी तमाम बाया मालूचे नाव पाटीवर लिहितील, त्या दिवशी याच अंगणात मालूची आखणी होईल. तोवर पोर आंधळीच राहील.

"बाई, दुष्ट हास गो तू," धोंडुबाई बोलली आणि दुसरे दिवशी सर्वांच्या आधी येऊन बसली. तिच्यामागे बाकीच्या, जांभया देत, पण आल्या.

चैत्रअखेर तालुक्याच्या साहेबांची स्वारी तपासणीस आली, तो अंगणात पाय ठेवण्यास जागा नाही आणि पाटी-पाटीवर 'मालू'. साहेब वर्ग कायम करोन गेले. मग काळुरामांनी श्वास रोखोन कुंचला टेकवला, हिरामणांनी कॅमेरा रोखला आणि मालूने डोळे उघडले. धोंडुबाईने आपली पाटी तिच्यापुढे धरली.

"बघतेस काय गो? वाच आता!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पुढे हिरामण लग्नांकडे परतले आणि तेथे गुलाबपाकळ्या दुपटीने पाडू लागले. काळुरामांनी ओळीने गणपती आखले, अखेरपर्यंत एक रेघ चुकली नाही. नूतनबाई वर्ग चालवीत म्हाताऱ्या जाहल्या. धोंडुबाई एसटीत बसली की वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाची, कोणास डुलकी घेऊ देत नसे. काळुराम मालूस रीतीप्रमाणे खाडीत बोळवू म्हणाले, ते धोंडुबाईने साफ नाकारले. मालू तिच्या चुलीवरल्या फळीवर बसली, भेगा पडल्या, टोपली तुटली. डोळे मात्र शाबूत राहिले.