सोफेकाकांची पक्की शिवण

सोफेकाकांनी त्या सकाळी एवढंच ठरवलं होतं, की लेकीला सीटबेल्टची सवय लावायची. लेकीच्या नोकरीचा पहिला दिवस. गाडी ती चालवणार होती आणि वाटेत काकांना दुकानावर सोडणार होती. काका ऐटीत शेजारी बसले आणि पाहतात तर लेकीने पट्टा छातीवरून ओढून त्याचं टोक मांडीखाली दाबलेलं.

"हे काय? नीट लाव की."

"लावलाय ना. तुम्ही लावता तसाच."

(काका तसाच लावायचे. चौकातल्या पोलिसाला छातीवर पट्टा दिसला म्हणजे झालं. मांडी उचला, असं काही तो म्हणत नाही.)

"माझं सोड. माझी हाडं जुनी, दणकट आहेत. तुम्हा पोरांना वाटतं, आपल्याला काय होणारे. पट्टा लावल्याशिवाय ही गाडी हलणार नाही."

"पण बाबा, अडकवू कशात?"

काका गालात हसले. आजकालच्या पोरांना साधं बकल सापडत नाही म्हणजे कमाल आहे. त्यांनी सीटच्या फटीत हात घातला. एक जुनी हेअरपिन निघाली, शेंगदाणा निघाला, बकल काही निघेना. मग कव्हर चाचपताना हाताला एक टणक उंचवटा लागला आणि काकांचा चेहराच उतरला.

काकांचा धंदा सोफे शिवण्याचा. गाडी घेतल्याबरोबर त्यांनी तिला स्वतःच्या हाताने मरून रंगाची कव्हरं शिवली होती, कडेला पांढरी पायपिंग लावून. त्या देखण्या कव्हरांतून डोकं वर काढणारी काळी बकलं त्यांच्या डोळ्यांत खुपायची. म्हणून त्यांनी ती आत ढकलली आणि वरून शिवून टाकली. शिवली ती शिवली, वर विसरूनही गेले.

काकू गॅलरीतून डोकावल्या. "अहो, पोरीला पहिल्याच दिवशी उशीर करताय. झालंय काय?"

"पट्टा लावतोय."

"लावताय की शिवताय?"

काकांनी पुन्हा तो उंचवटा चाचपला.

लेकीने घड्याळ पाहिलं. "बाबा, आज राहू दे. उद्यापासून नक्की लावते."

काका क्षणभर विरघळले. पण 'उद्या नक्की' हे तर ते रोज गिऱ्हाइकांना सांगत आणि तो उद्या कधी उजाडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? एवढ्या रहदारीत पोर अशीच जाणार, हे काही त्यांना पटेना.

"अगं, कात्री घेऊन ये खाली," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी कात्री आणली. काकांनी डोळे मिटून पहिला टाका कापला. (आपण शिवलेलं जन्मात उसवत नाही, असं ते गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. ते खरं होतं. घाम निघाला.) शेवटी बकल बाहेर आलं आणि लेकीचा पट्टा खट्कन बसला. काकांच्या जिवात जीव आला.

"चल आता."

लेक हलली नाही. "तुमचा?"

"माझी हाडं दणकट..."

"पट्टा लावल्याशिवाय ही गाडी हलणार नाही, बाबा."

काकांनी आपल्या सीटचं कव्हर चाचपलं. पहिलं शिवताना हात बसला होता, म्हणून या दुसऱ्याला त्यांनी हौसेने दुहेरी शिवण घातली होती. ते मुकाट्याने खाली उतरले. गाडी निघून गेली.

"अहो, तुम्ही का उतरलात?" काकूंनी विचारलं.

"माझं काम फार पक्कं आहे," काका म्हणाले आणि कात्री काखेत मारून बसस्टॉपकडे चालू लागले.