भालेराव काकांचे मेंबर

"आमच्या मेंबरांनी काल अधिकाऱ्यांना चांगलाच घाम फोडला!" पहिल्याच भेटीत, पार्किंगमध्ये, भालेराव काका मला म्हणाले. मला वाटलं, नागपूरचे कुणी खासदार असतील. चौकशी केली, तर मेंबर निघाले ब्रिटिश पार्लमेंटचे. काकांनी तर लंडनचा विमानतळसुद्धा पाहिला नव्हता!

२००६ साली मी अमेरिकेत फ्रीमाँटला त्यांच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. विदर्भातल्या कुठल्याशा कर कचेरीतून रिटायर होऊन काका मुलाकडे आले होते. मुलगा-सून सकाळी फ्रीवेला लागले, की ते कॉम्प्युटरवर ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीचं थेट प्रक्षेपण लावून बसत. तिकडे लंडनला दुपार झालेली असे आणि समितीपुढे बडे अधिकारी बसलेले असत. मेंबर मागच्या बाकावरचे, फारसं कुणाला माहीत नसलेले. पण कर आणि सरकारी कारभार हाच त्यांचा ध्यास. प्रत्येक अधिकाऱ्याला ते एकच विचारत: हा फॉर्म साध्या माणसाला समजेल का?

काकांनी तो प्रश्न घरात आणला. मायक्रोवेव्हच्या माहितीपुस्तकात त्यांनी लाल पेनाने चुका काढल्या. नात वैतागून म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट पॉपकॉर्न!"

मीही सुटलो नाही. "काका, आज रिलीज आहे आणि बिल्ड ब्रेक झालंय यार."

"सोप्या भाषेत सांग."

"काम बिघडलंय."

"मग तसं म्हण ना बाप्पा!"

दर शनिवारी ते लायब्ररीत लोकांना सरकारी कागद समजावून द्यायला जात. एकदा मुलगा गावाला गेला होता, म्हणून मी सोडायला निघालो. वाटेत विचारलं, "काका, एवढ्या जगात तुम्हाला हेच मेंबर का आवडले?"

काका खिडकीबाहेर बघत सांगू लागले.

"नोकरीत असताना एक बाई यायच्या. नवरा गेलेला. सवलतीचा अर्ज होता. एक रकाना चुकला, मी परत पाठवला. पुन्हा चुकला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा म्हणाल्या, साहेब, इथं काय लिहायचं तेवढं तरी सांगा. मी म्हणालो, नियम वाचा. त्यानंतर त्या आल्याच नाहीत."

"नियम म्हणजे नियम, काका."

"तो नियम मलाही कळला नव्हता रे. तसं म्हणायची लाज वाटली."

लायब्ररीत कोपऱ्यातल्या टेबलाशी एक चिनी आजी त्यांची वाट बघत होत्या. त्यांनी पर्समधून सरकारी पत्र काढून पुढे सरकवलं. काकांनी चष्मा लावला, पत्र एकदा वाचलं, दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

मग आजींकडे बघून हसले.

"आय ऑल्सो डोन्ट अंडरस्टँड," ते मोठ्यांदा म्हणाले. "कम, वुई विल आस्क."

आणि दोघंही उठून लायब्ररीच्या चौकशी काउंटरसमोरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.